चूक दाखवली, पण कोणती?

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2008 पासून, चलाला देवनागरी नाव देता येते. समजा एखाद्याने ‘किंमत’ नावाचे चल घेतले, त्यात पूर्णांकच राहील असे जाहीर केले आणि त्याच ओळीत अवतरणचिन्हांत ‘बावीस’ लिहून ते चलात घातले. पायथन स्वतः हूं की चूं करत नाही. तक्रार करतो तो मायपाय. युक्का लेहतोसालो यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सुरू केलेला हा टाइप चेकर सांगतो की असाइनमेंटमध्ये टाइप जुळत नाहीत: उजवीकडे आहे ‘स्ट्र’, चलाला हवा आहे ‘इंट’.

हेच वाक्य मायपायच्या स्वतःच्या चाचण्यांमध्येही सापडते. चुकीच्या ओळीच्या शेवटी कॉमेंटची खूण, मग ‘ई’ हे अक्षर, अपूर्णविराम आणि पुढे तो इंग्रजी संदेश कंसासकट, अवतरणचिन्हांसकट. चेकरने यातला एक शब्द जरी वेगळा काढला तरी चाचणी नापास.

हा पोरखेळ आहे, असे मानणारा एक पक्ष आहे. तो अडाण्यांचा नाही, म्हणून आधी त्याची बाजू नीट मांडली पाहिजे. त्याचे म्हणणे असे: टाइप चेकरचे काम निवाडा करण्याचे. प्रोग्राम बरोबर की चूक, एवढेच त्याने सांगायचे. संदेशाची शब्दरचना ही वरची रंगरंगोटी. ती चाचणीत शब्दशः कोरून ठेवली, की कुणी एका संदेशाचे व्याकरण सुधारले तरी शेकडो अपेक्षित फाइली बदलतात. तपासणारा त्या वाचत नाही, वाचू शकतही नाही. तो डोळे मिटून होकार देतो. अशी चाचणी कशाचे रक्षण करते? नुसत्या सवयीचे.

या पक्षाकडे एक बिनतोड दाखलाही आहे. रस्टमध्ये ट्रायबिल्ड नावाचे साधन आहे. आपले मॅक्रो कुणी चुकीचे वापरले तर त्याला कोणता एरर दिसेल, हे लायब्ररी लिहिणारे त्याच्या मदतीने फाइलीत नोंदवून ठेवतात. पण तो एरर छापतो रस्टचा कंपायलर. कंपायलरच्या नव्या आवृत्तीत शब्द बदलले की लायब्ररीच्या एका ओळीलाही हात न लावता तिच्या चाचण्या लाल होतात. म्हणून अनेकजण या चाचण्या कंपायलरच्या एका ठरावीक आवृत्तीवरच चालवतात. शेजारच्या घरात भांडी पडावीत आणि आपल्या घरातला माणूस जागा व्हावा, तसा हा प्रकार.

तक्रार खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

‘एरर यावा, कोणताही चालेल’ अशी चाचणी प्रत्यक्षात काय तपासते ते पाहावे. रस्टच्या दस्तऐवजांत नमुन्याच्या कोडवर ‘कंपाइल फेल’ अशी खूण करता येते. एरर क्रमांक दिला नाही, तर तो नमुना कुठल्याही कारणाने कोसळला तरी चाचणी पास. मालकी हललेली किंमत पुन्हा वापरता येत नाही हे दाखवायला नमुना लिहावा, त्यात फंक्शनच्या नावाचे स्पेलिंग चुकावे, आणि चाचणी वर्षानुवर्षे हिरवी राहावी. मालकीचा नियम उद्या कंपायलरमधून गळून पडला तरी या चाचणीला पत्ता लागणार नाही. टाइपस्क्रिप्टने 2020 मध्ये, 3.9 आवृत्तीत, ‘पुढच्या ओळीवर एरर अपेक्षित आहे’ असे सांगणारी कॉमेंट आणली. एरर आलाच नाही तर ती ओरडते, ही सोय मोठी आहे. पण कोणता एरर यावा हे तिला सांगता येत नाही. मुलगा गणितात नापास झाला की उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहायला विसरला, हे न विचारता ‘नापास’ एवढाच शेरा वहीत नोंदवणारी ही पद्धत.

मायपायच्या चाचण्यांत हा धोका आणखी जवळचा आहे. वेगासाठी त्या पायथनचे खरे अंगभूत घटक वापरत नाहीत. त्यांच्याजागी अगदी छाटलेल्या, मोजक्याच घोषणा असलेल्या फाइली असतात. यादी किंवा शब्दकोश लागला तर त्यासाठीचे फिक्श्चर वेगळे मागवावे लागते. ते विसरले की चाचणी भलत्याच ठिकाणी अडखळते. अपेक्षित संदेश शब्दशः लिहिलेला असतो म्हणूनच हे लगेच उघडे पडते. ‘एरर आला ना, झाले’ म्हणणाऱ्याला ते कधीच दिसले नसते.

खरा वाद मात्र याहून खोल आहे. ‘निवाडा महत्त्वाचा, कारणमीमांसा वरवरची’ या गृहीतकालाच इथे सुरुंग लावला पाहिजे, आणि त्यासाठीची दारू सिद्धांताच्याच कोठारात आहे. रॉबिन मिल्नर यांनी 1978 मध्ये टाइप अनुमानाची जी पद्धत मांडली तिला ‘डब्ल्यू’ म्हणतात. तिची एक भावंड पद्धत आहे ‘एम’. ती बरीच वर्षे लोकांच्या वापरात होती, पण सिद्धता नव्हती. 1998 मध्ये कोरियातल्या ली आणि यी या संशोधकांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, दोन्ही पद्धती नेमके तेच प्रोग्राम स्वीकारतात आणि तेच नाकारतात. दुसरी, चुकीच्या प्रोग्रामवर ‘एम’ ही ‘डब्ल्यू’च्या आधी थांबते. म्हणजे निवाडा अगदी एक, पण बोट ठेवण्याची जागा वेगळी. हो-नाही तपासणाऱ्या हजार चाचण्या लिहिल्या तरी त्या या दोन पद्धतींत फरक करू शकत नाहीत. आणि संध्याकाळी सातला ऑफिसात बसून ‘हा एरर या ओळीवर का?’ म्हणून डोके खाजवणाऱ्या माणसाला फक्त त्याच फरकाशी देणेघेणे असते. टाइपच्या चुकीचे मूळ एकीकडे आणि तक्रार दुसरीकडे, हे दुखणे इतके जुने आहे की मिच वँड यांनी 1986 मध्येच त्याच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता.

न्यायालयाची उपमा घ्यायचीच तर ती पूर्ण घ्यावी. कारणे न देता दिलेला निकाल अपिलात टिकत नाही.

आणखी एक व्याधी आहे: एरर लेकुरवाळा असतो. एका चलाचा टाइप कळला नाही की त्यावर उभ्या असलेल्या दहा ओळी कण्हू लागतात. चांगले चेकर हे टाळण्यासाठी आत एक खास ‘एरर टाइप’ बाळगतात. तो कशाशीही जुळतो, त्यामुळे पहिल्या तक्रारीनंतरची रडारड थांबते. या व्यवस्थेत कुठे छिद्र पडले तर निवाडा बदलत नाही. प्रोग्राम आधीही चूक होता, आताही चूकच आहे. फक्त एका एररच्या जागी सहा येतात. संपूर्ण आउटपुट शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय हे सापडत नाही. क्लँग या कंपायलरची चाचणीपद्धत इथे काटेकोर आहे: अपेक्षित एरर आला नाही तरी नापास, आणि न सांगितलेला एरर आला तरीही नापास.

संदेश कुणी वाचतच नाही, हा पूर्वपक्षाचा शेवटचा बुरूज. तोही टिकत नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 56 जणांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोकांचा 13 ते 25 टक्के वेळ एरर संदेश वाचण्यात गेल्याचे दिसले, आणि ते वाचणे कोड वाचण्याइतकेच कष्टाचे ठरले. एल्म भाषेचे कर्ते इव्हान चाप्लिकी यांनी 2015 मध्ये संदेशांची भाषा माणसाला समजेल अशी करण्यावर जोर दिला. पुढच्याच वर्षी रस्टने, एल्मपासून स्फूर्ती घेऊन, आपल्या एररचा चेहरामोहरा बदलला. ज्या गोष्टीवर इतकी मेहनत होते ती चाचणीबाहेर ठेवायची, हा कुठला शहाणपणा?

आता पूर्वपक्षाच्या खऱ्या तक्रारीकडे. चाचण्या ठिसूळ होतात. होतात खऱ्या, पण ठिसूळपणाचा इलाज करता येतो आणि तो झालाही आहे. रस्टच्या अपेक्षित फाइलींत ओळीचा क्रमांक लिहिलेला नसतो. त्याजागी ‘एलएल’ ही दोन अक्षरे असतात. वर एक कॉमेंट वाढवली म्हणून फाइल बदलत नाही. फोल्डरचा पत्ताही असाच एका खुणेने झाकलेला असतो. जावाच्या कंपायलरने दुसरा मार्ग धरला. त्याचे संदेश जपानी आणि चिनी भाषांतही निघतात, त्यामुळे इंग्रजी वाक्यावर चाचणी बांधणे मुळातच बेभरवशाचे. म्हणून चाचण्यांमध्ये त्याला वाक्य छापू न देता संदेशाची किल्ली, जागा आणि गुंतलेले टाइप एवढेच कच्च्या रूपात छापायला लावतात. पायथनमध्ये अनेक चेकर आहेत आणि प्रत्येकाची बोली वेगळी. त्यांच्या सामाईक अनुरूपता चाचण्यांत ओळीवर नुसती ‘ई’ची खूण असते. एरर इथे आला पाहिजे, शब्द ज्याचे त्याचे. जिथे पाच स्वयंपाक्यांची एकच परीक्षा घ्यायची आहे, तिथे हेच योग्य. पण प्रत्येक चेकरला आपल्या घरच्या चाचण्यांत हीच सवलत दिली, तर संदेशाचा वाली कोणीच उरत नाही. जावाच्या पद्धतीतही किल्ली बरोबर आणि वाक्य बिघडलेले, अशी फट राहतेच.

डोळे मिटून दिलेल्या होकाराचे काय? इथे पूर्वपक्ष अर्धा जिंकतो, हे मान्य केले पाहिजे. अपेक्षित फाइली एका फटक्यात नव्या आउटपुटने भरून टाकण्याची सोय जवळजवळ सर्वत्र आहे, आणि तिची नावेही गमतीची आहेत. रस्टमध्ये तिला ‘ब्लेस’ म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. ओकॅमलमध्ये ‘प्रमोट’, म्हणजे बढती. हास्केलच्या जीएचसीत आणि टाइपस्क्रिप्टमध्ये ‘अ‍ॅक्सेप्ट’. आशीर्वाद काय, बढती काय, न बघता देण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे! शंभर फाइलींचा बदल एका आज्ञेत होतो. त्यातल्या 98 फाइलींत एक शब्द बदललेला असतो आणि दोन फाइलींत एरर गायबच झालेला असतो. त्या दोन कुणाच्या नजरेला पडणार?

याला उत्तर आहे, आणि ते रस्टच्या रचनेत आधीपासून बसलेले आहे. रस्टच्या चाचणीत अपेक्षा दोनदा लिहिलेली असते. पूर्ण आउटपुट वेगळ्या फाइलीत, आणि चुकीच्या ओळीशेजारी कोडमध्येच एक छोटी टीप: इथे एरर, साधारण अमुक शब्दांत. ‘ब्लेस’ आज्ञा पहिली फाइल बदलते. दुसरी टीप तिला बदलता येत नाही. ती माणसानेच लिहायची. एरर गायब झाला तर टीप एकटी उभी राहते आणि चाचणी पडते, आशीर्वाद कितीही दिले तरी. यंत्राने भरलेल्या आणि हाताने लिहिलेल्या अपेक्षेतला हा भेद म्हणजे या साऱ्या वादाची गुरुकिल्ली आहे. मायपायमध्येही अपेक्षा ओळीशेजारीच असते, पण तिथली अद्ययावत करण्याची सोय ती ओळच बदलून टाकते. सोय चांगली, कुंपण मात्र काढून टाकलेले. जुन्या शास्त्रकारांचा स्थूणानिखनन न्याय इथे चपखल बसतो: खांब रोवायचा, मग मुद्दाम हलवून पाहायचा, आणि हलला की आणखी खोल ठोकायचा. हलवणारा आणि ठोकणारा हात मात्र वेगळे हवेत.

चुकीचे वागणेच अपेक्षित म्हणून कोरले जाते, असाही एक आक्षेप ऐकू येतो. रस्टने त्यावर साधा तोडगा काढला आहे. ज्या चाचणीतले अपेक्षित उत्तर चूक आहे असे माहीत आहे, तिच्या डोक्यावर ‘ज्ञात दोष’ अशी सूचना आणि तक्रारीचा क्रमांक लिहायचा. चूक कबूल करून नोंदवली की ती परंपरा बनत नाही.

एवढे मंडन करूनही या चाचण्यांच्या गळ्यात नसते हार घालू नयेत. त्या भेटलेल्या चुकांची आठवण ठेवतात. न भेटलेल्या चुका शोधत नाहीत. 2016 मध्ये अमीन आणि टेट या दोघांनी जावा आणि स्काला या दोन्ही भाषांच्या टाइप व्यवस्थेत भगदाड असल्याचे दाखवले, तेव्हा या भाषांकडे चाचण्यांची वानवा नव्हती. जावा, स्काला, कोटलिन आणि ग्रूव्ही यांच्या कंपायलरमधल्या टाइपविषयक 320 दोषांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त आढळलेले लक्षण होते बरोबर प्रोग्राम विनाकारण नाकारला जाणे. म्हणजे चुकीच्या प्रोग्रामांचे संदेश जपताना बरोबर प्रोग्रामांकडेही पाहायला हवे. टाइपस्क्रिप्ट ते करते. एरर नसलेल्या फाइलींसाठीही ते प्रत्येक पदावलीचा काढलेला टाइप वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवते, आणि तो सरकला की फरक समोर येतो.

मराठी वाचकाने यात भर घालावी अशी एक जागा अजून मोकळी आहे. ‘किंमत’ या शब्दात डोळ्याला तीन अक्षरे दिसतात: किं, म, त. युनिकोडच्या हिशेबाने ती पाच चिन्हे आहेत: क, वेलांटी, अनुस्वार, म आणि त. यूटीएफ-8 मध्ये साठवली की 15 बाइट होतात. पायथनचा वाक्यवृक्ष स्तंभाचे स्थान बाइटमध्ये देतो. एडिटरशी बोलण्याचा जो प्रचलित करार आहे, तो मूळचा यूटीएफ-16च्या एककांत मोजतो. आणि टर्मिनलवर तो शब्द किती घरे व्यापतो, ते त्या त्या टर्मिनलवर अवलंबून असते. एररच्या ओळीत चुकीच्या जागेआधी ‘किंमत’ आली, की चुकीखाली काढायची खूण तिसऱ्या घरानंतर पडायची, पाचव्या की पंधराव्या, हे अपेक्षित फाइलीत कुणीतरी एकदा बोटाने मोजून लिहावे लागते.