पोराला जेसीबी, पोरीला भातुकली: पुस्तकातले चित्र बदलले, घरातले कधी बदलणार?

वडीगोद्रीसारख्या महामार्गावरच्या गावात खेळण्यांच्या गाड्यावर थांबलो, की गाडेवाला आधी विचारतो, "पोरगा आहे का पोरगी?" पोरासाठी जेसीबी आणि बंदूक निघते, पोरीसाठी बाहुली आणि भातुकली. लेकराला काय आवडते हे गाडेवाला विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

गोष्ट साधी वाटते. पण खेळ ही मोठेपणीच्या कामाची पहिली तालीम असते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88 मिनिटे. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ वाढला तर नाहीच, उलट कमी झाला.

त्याच 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पाठ्यपुस्तकातली चित्रे बदलली. स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडताना दिसू लागले. डॉक्टर आणि वाहतूक पोलीस म्हणून स्त्री आली, आचारी म्हणून पुरुष आला. हे पाऊल स्वागतार्हच होते, कारण बालभारतीचे पुस्तक जिल्हा परिषदेच्या शाळेतून वाडी-तांड्यापर्यंत जाते. त्याच्याही आधी कमला भसीन (1946–2021) यांनी मुलगा म्हणजे काय, मुलगी म्हणजे काय, हा प्रश्न लहान मुलांच्या सचित्र पुस्तकातूनच विचारला होता. शरीरातला फरक निसर्गाने दिला, पण कपडे, खेळ आणि कामे समाजाने वाटली, एवढी सरळ त्यांची मांडणी.

पण आमचा मुद्दा याच्या पुढचा आहे. मुलाला बाहुली द्या आणि मुलीला मोटार द्या, ही चर्चा बहुतेक करून ज्या घरात खेळण्यांचे कपाट आहे त्या घरातली. आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईबाप फडात असतात आणि कोपीवर नऊ-दहा वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते. तिला बाहुलीचे काय नवल? तिच्या कडेवर जिवंत लेकरू आहे. पाठचा भाऊ जुने टायर पळवत हिंडतो, त्याला कुणी "धर याला" म्हणत नाही. शाळा सुटते ती बहुधा तिची.

म्हणून आपल्या मुलांना हवे आहे ते वेगळे चित्र. भाऊ लेकराला कडेवर घेऊन उभा आहे आणि बहीण दप्तर घेऊन निघाली आहे. मुलगा हंडा भरतो आहे, मुलगी सायकलचे पंक्चर काढते आहे. आणि घर पत्र्याचे आहे, आपल्यासारखे. मुलाला चित्रात स्वतःचे घर दिसले तरच ते आपल्याबद्दल आहे असे त्याला वाटते.

हा केवळ खेळण्यांचा वाद नाही. वडीगोद्रीहून शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. 2011 च्या जनगणनेत तिथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 807 मुली होत्या. मुलगी म्हणजे चूल आणि मूल, हे ज्या मनात लहानपणी बसते, त्याच मनाला ती पुढे ओझे वाटते. कोसलराजा प्रसेनजित मुलगी झाली म्हणून खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते असे तथागतांनी त्याला समजावले. अडीच हजार वर्षांनीही ते आपल्याला पुन्हा सांगावे लागते.

काही पालक म्हणतील, बाहुलीशी खेळून पोरगा बायकी होईल. आमचा उलट प्रश्न आहे. आजारी लेकराला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरणारा बाप बायकी असतो का? मग ती माया पोराने लहानपणी शिकली तर बिघडले काय?

14 एप्रिलला आपण डीजेवर आणि कमानींवर वर्गणी उधळतो. त्यातला थोडा भाग विहारातल्या पुस्तकांच्या पेटीसाठी ठेवता येईल. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतली सचित्र गोष्टींची पुस्तके मोफत मिळतात, ती मोबाईलवरही वाचता येतात. रविवारी विहारात तासभर मुलांना जमवावे आणि गोष्ट वाचून दाखवायला एखाद्या बापाला बसवावे. वाचन संपल्यावर सतरंजी उचलायला मुलांना सांगावे आणि मुलींना निवांत पुस्तक चाळू द्यावे.

पुस्तकातला बाप भाजी निवडतो आहे. ते चित्र पाहून मूल मान वर करते, तेव्हा समोरचा बाप काय करताना दिसतो, याचे उत्तर बालभारती देऊ शकत नाही. ते आपल्यालाच द्यायचे आहे.