विश्लेषण : स्कायडायव्हिंग क्लबला हंगामापुरते विमान हवे, पण कोणते आणि कोणाच्या जबाबदारीवर?

उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर गेली काही वर्षे हिवाळ्यात स्कायडायव्हिंगचा महोत्सव भरतो. तिथे उडी मारायची असते ती ‘सेस्ना १८२’ या छोट्या विमानातून, साधारण १० हजार फुटांवरून. एका फेरीत दोन पाहुणे आणि त्यांना स्वत:शी बांधून घेणारे दोन प्रशिक्षक. बस्स! पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारल्यापासून हा खेळ मराठी घरांना अनोळखी राहिलेला नाही. हौशी लोक आहेत, चार महिने मोकळे आकाशही आहे. क्लबचे घोडे अडते ते विमानापाशी. विकत घेणे परवडत नाही आणि पावसाळ्यात ते नुसते उभे राहणार. म्हणजे भाड्याने घेणे आले. तिथे क्लब बहुतेकदा पहिला प्रश्नच चुकीचा विचारतात : तासाला किती?

माणशी हिशेब काय सांगतो?

सेस्ना १८२ ला चौघांना घेऊन १० हजार फुटांवर जाऊन परत यायला सुमारे ४० मिनिटे लागतात. ताशी ५० लिटरच्या आसपास इंधन धरले तर माणशी आठ-नऊ लिटर. ‘सेस्ना कॅराव्हॅन’ हे टर्बोप्रॉप विमान १४ जणांना १३ हजार फुटांवर नेऊन अर्ध्या तासात परतू शकते. त्याला ताशी १९० लिटर धरा, म्हणजे माणशी सात लिटरहून कमी. इंधनात फरक फारसा नाही. फरक आहे तो दिवसाच्या उड्यांत. आठ तासांत छोटे विमान पन्नासेक उड्या घडवेल, मोठे दोनशेच्या वर. वरच्या उंचीमुळे मुक्त पतनाची १५ सेकंदे जास्त मिळतात, ती वेगळीच. पण कॅराव्हॅन निम्मी रिकामी गेली की माणशी इंधन दुप्पट होते आणि भाडे तर पूर्ण द्यावेच लागते. अशा करारात किमान तासांची हमी सहसा असतेच. तेव्हा दिवसाला दोनशे उड्यांची मागणी कागदावर नव्हे, रांगेत दिसत नसेल तर मोठ्या विमानाचा मोह टाळलेला बरा.

इंधनाचा प्रकारही पाहायला हवा. छोट्या पिस्टन इंजिनाला विमानाचे पेट्रोल लागते. ते पूर्वी आयातच होत असे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतले देशी पेट्रोल बाजारात आणले. तरीही ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. टर्बोप्रॉपला मात्र जेट इंधन चालते.

मालकाला विमान द्यायची भीती का वाटते?

ती रास्त आहे. उडी मारणारे बाहेर पडले की वैमानिक पुढच्या फेरीसाठी झपाट्याने खाली येतो. पूर्ण ताकदीने तापलेले, हवेने थंड होणारे पिस्टन इंजिन एकदम गार पडते आणि सिलिंडरला तडे जाण्याची शक्यता वाढते. टर्बाइनचे हे दुखणे नाही, पण तिथे तासांबरोबर फेऱ्याही मोजल्या जातात. साध्या प्रवासात तासाला एक चढ-उतार होत असेल, तर इथे दोन. चाके, ब्रेक, फ्लॅप सारे तितकेच झिजते. नेहमीच्या दराने विमान देणारा मालक एक तर अनभिज्ञ असतो किंवा देखभालीत हात आखडता घेणार असतो. स्वस्त भाड्याचा मला आनंद होत नाही, तो यामुळे.

तेच दाराचे. उडत्या विमानाचे दार उघडे ठेवायला किंवा काढून टाकायला मंजुरी लागते, तिची नोंद विमानाच्या उड्डाण-पुस्तिकेच्या पुरवणीत असते. ‘दार काय, चार स्क्रू काढले की झाले,’ म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम करावा.

उमेओमध्ये काय घडले?

१४ जुलै २०१९ रोजी स्वीडनमधील उमेओ येथे स्कायडायव्हिंगचे ‘एअरव्हॅन’ विमान कोसळून वैमानिकासह सर्व नऊ जण गेले. उडीसाठी सगळे मागच्या दाराकडे सरकले की वजनही शेपटीकडे सरकते. चौकशीचा निष्कर्ष असा की वेग कमी, शेपटीकडे जड झालेले अस्थिर विमान, ढगाळ हवा आणि वैमानिकाच्या अनुभवाला न पेलणारा ताण यांतून नियंत्रण सुटले. खाली झेपावताना अतिभाराने पंख तुटला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००८ मध्ये मागील अपघात तपासले होते. १९८० पासूनच्या ३२ अपघातांत १७२ मृत्यू झाले होते आणि बोट दाखवले गेले ते देखभाल, वैमानिकांची तयारी व सरकारी देखरेख यांकडे. उडी नव्हे, तिथवर नेणारे विमानच घातक ठरले होते.

मग करार कसा असावा?

‘ड्राय लीज’मध्ये नुसते विमान मिळते, वैमानिक, देखभाल, विमा यांचे पाहायचे क्लबने. ‘वेट लीज’मध्ये हे सारे मालकाकडून येते आणि जबाबदारीही त्याच्याकडे राहते. हौशी मंडळींच्या क्लबने ड्राय लीजच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शनिवार-रविवारी जमणाऱ्या समितीला इंजिनाचे तास आणि प्रत्येक फेरीचा वजनतक्ता सांभाळणे झेपणारे नाही.

युरोपातील क्लबांचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, आपला नोव्हेंबर ते मार्च. तिकडची हिवाळ्यात मोकळी असलेली विमाने इकडे आणावीत, ही कल्पना म्हणूनच वारंवार पुढे येते. पण मध्य युरोपातून महाराष्ट्र साडेसहा-सात हजार किलोमीटर. कॅराव्हॅनला वाटेत चार-पाच थांबे घेत जा-ये करायला ४५ तास उड्डाण पडेल. तेवढ्यात उडीच्या ९० फेऱ्या झाल्या असत्या! परदेशी नोंदणीच्या विमानाच्या परवानग्या आणखी वेगळ्या. एकट्या क्लबला हे जमणे नाही. मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्रातील आयोजकांनी मिळून भारतातीलच एका परवानाधारक चालकाकडून एक विमान घ्यावे आणि ते तीन-चार आठवड्यांच्या पाळीने फिरवावे, हे अधिक शहाणपणाचे. केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात स्कायडायव्हिंगला स्थान आहे. त्या धोरणाखाली अशा सामायिक, हंगामी कराराचा एक नमुना तयार झाला तरी मोठे काम होईल.

महाराष्ट्राने आपली पाळी डिसेंबर-जानेवारीत मागून घ्यावी. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून १८००-१९०० फुटांवर आहे. मार्चच्या दुपारी हवा विरळ होते, धावपट्टी जास्त लागते आणि चढाई मंदावते. धावपट्टी, हवाई हद्द, लष्करी विमानतळाशी समन्वय यांच्या परवानग्यांना वेळ लागतो, म्हणून अर्ज पावसाळ्यातच गेले पाहिजेत. ज्या विमानाचा करार करायचा, त्याची देखभाल-वही आणि वजनतक्ता त्याआधीच स्वतंत्र अभियंत्याला दाखवून घ्यावा. त्याची फी क्लबने भरावी, मालकाने नव्हे.