टपाल दारी, धनी शिवारी

भरदुपारी खेड्यातल्या घराला कुलूप असते, यात नवल ते काय? कापूस वेचणीच्या दिवसांत घरची सगळी माणसं सकाळीच वावरात गेलेली असतात. नेमका त्याच वेळी पोस्टमन नाहीतर कुरिअरचा पोरगा पार्सल घेऊन येतो, ‘घर बंद’ असा शेरा मारतो आणि वाटेला लागतो. शिवारात रेंज नसली की फोनही लागत नाही. मग फवारणी पंपाचा सुटा भाग असो की म्हाताऱ्याची औषधे, तालुक्याला खेटे घालणे आले. काही कुरिअरवाले तर एसटी स्टँडवरूनच सांगतात, “येऊन घेऊन जा.” त्यात मोडलेला रोज कोण भरून देणार?

पार्सल परत गेले तर पुन्हा मागवता येते. त्याच पोस्टमनच्या पिशवीतल्या नोटिशीचे तसे नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली रजिस्टर नोटीस ‘घर बंद’ म्हणून परत गेली, तरी ती बजावली गेली असे न्यायालय धरून चालू शकते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ चा हा आधार. ती मिळाली नाही, हे मग आपणच सिद्ध करत बसायचे!

सर्वांत वाईट गत ऊसतोड कामगारांची. बीडकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. टपाल पोस्टात राहते साधारण सात दिवस. पाच-सहा महिन्यांच्या कुलपाला सात दिवस कसे पुरायचे?

यात ग्रामीण डाकसेवकाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. त्याची नोकरी चार-पाच तासांची, अन् वाड्या-वस्त्या पायाखाली घालायच्या. मात्र सुगीत वाटपाची वेळ संध्याकाळकडे सरकवणे डाक खात्याला अशक्य नाही. निदान दाराला चिठ्ठी तरी अडकवावी. कित्येकदा तीही नसते.

आपल्या वतीने टपाल कोणी घ्यावे, याचे लेखी अधिकारपत्र पोस्टात देता येते. हे गावात किती जणांना ठाऊक आहे? ऊसतोड कामगारांची ओळखपत्रासाठी नोंद ग्रामपंचायतीत होते. त्याच बैठकीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा कागदही लिहून घ्यावा. भावकीतला असो की शेजारचा, नाव मात्र विश्वासाच्या माणसाचेच द्यावे. गाड्या निघायच्या आत तो कागद शाखा पोस्टात पोचला पाहिजे.