किनारी वाहतूक आणि खलाशांचा हक्क

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने किनारी जहाज वाहतुकीचा नवा कायदा संमत केला. देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेण्याचा हक्क १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याच्या चौदाव्या भागाने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवला होता. त्या भागाच्या जागी हा कायदा आणण्यात आला आहे. राखीव हक्काचे तत्त्व त्याने टाकून दिलेले नाही, हे प्रारंभीच प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परदेशी जहाजाला आपल्या किनाऱ्यावर व्यापार करावयाचा तर परवाना घ्यावाच लागेल. परंतु तो परवाना कोणास, किती काळ आणि कोणत्या अटींवर द्यावयाचा, हे ठरविण्याचा विस्तृत अधिकार नौवहन महासंचालकांच्या हाती देण्यात आला आहे. खलाशांचे नागरिकत्व ही त्या अटींपैकी एक होऊ शकते. ती असलीच पाहिजे, असे मात्र कायदा म्हणत नाही. किनाऱ्यावर राबणाऱ्या माणसाचे भवितव्य या ‘होऊ शकते’ आणि ‘असलीच पाहिजे’ यांच्यामधील फटीत अडकलेले आहे.

पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील कार्यकर्त्याने या प्रश्नात लक्ष का घालावे, अशी शंका कोणी काढील. आमच्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याचे दुर्भिक्ष. समुद्राशी आमचा संबंध तो काय? संबंध दुहेरी आहे. येथील बाजार समितीत विकला जाणारा कांदा न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातो आणि त्याचा भाव जहाजाच्या भाड्याशी बांधलेला असतो. शिवाय दुष्काळाने गाव सोडलेल्या येथील कितीतरी कुटुंबांनी मुंबईच्या गिरण्यांत, गोदामांत आणि बाजारांत घाम गाळला आहे. मालाची वाहतूक करणाऱ्या श्रमिकाला कायद्याचे कवच असले तर काय होते आणि नसले तर काय होते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको.

किनारी वाहतूक भारतीयांसाठी राखून ठेवण्याची मागणी स्वातंत्र्य चळवळीच्या पोटातून आली आहे. १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरीनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश कंपनीने भाडी पाडून तिला जेरीस आणले आणि सरकारने खुद्द पिळ्ळै यांना तुरुंगात धाडले. १९१९ साली वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या कंपनीलाही भाडेयुद्धाला तोंड द्यावे लागले आणि अखेर १९२३ मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीशी स्वतःच्या वाढीला मर्यादा घालून घेणारा करार करावा लागला. किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखावा, अशी शिफारस सरकारनेच नेमलेल्या समितीने १९२४ मध्ये केली. त्यासाठीचे विधेयक सारभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. उत्तर म्हणून १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यास बंदी घालणारे कलमच घालण्यात आले. ज्याच्या हाती आरमार, भांडवल आणि सरकार होते, तोच त्या काळी ‘समान वागणूक’ मागत होता! १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या समितीने संपूर्ण किनारी व्यापार भारतीय जहाजांना मिळावा असे सांगितले आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच ते घडले.

या भिंतीला भगदाडे पडू लागली ती अलीकडे. २०१२ मध्ये कोचीजवळच्या वल्लारपाडम टर्मिनलसाठी तीन वर्षांची सवलत देण्यात आली. मे २०१८ मध्ये आयात-निर्यातीचे आणि रिकामे कंटेनर देशातल्या देशात हलविण्याची मुभा परदेशी जहाजांना परवान्याविना मिळाली. आपला माल कोलंबो आणि सिंगापूरला जाऊन मोठ्या जहाजांवर चढतो, तो आपल्याच बंदरांत चढावा, असे कारण देण्यात आले. हेतूला आमचा विरोध नाही. बंदराला काम मिळालेच पाहिजे. परंतु बंदराचा धंदा वाढविण्याच्या नावाखाली जहाजावरील माणसाचा विचारच होऊ नये, हे कसे मान्य करावे?

मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापाशी जे घडले, ते या संदर्भात पाहण्याजोगे आहे. विझिंजमहून कोचीला, म्हणजे एका भारतीय बंदरातून दुसऱ्या भारतीय बंदराकडे, निघालेले ‘एमएससी एल्सा ३’ हे २८ वर्षांचे जुने जहाज ६४० कंटेनरांसह बुडाले. झेंडा लायबेरियाचा, कंपनी स्वित्झर्लंडची. जहाजावरचे सर्व २४ जण वाचले, ही समाधानाची गोष्ट. त्यांत २० फिलिपिनो होते, बाकीचे रशियन, युक्रेनियन आणि जॉर्जियन. भारतीय एकही नव्हता. खलाशी परके होते म्हणून जहाज बुडाले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. असे म्हणणे हा त्या श्रमिकांवर अन्याय होईल. आमचे म्हणणे जबाबदारीविषयी आहे. तेल आणि प्लॅस्टिकच्या गोळ्या येऊन पडल्या त्या आपल्या किनाऱ्यावर, जाळे गुंडाळून बसावे लागले ते आपल्या मच्छीमाराला. जहाजाचा कायदा, मालक आणि मनुष्यबळ मात्र तीन निरनिराळ्या दिशांना. नुकसानभरपाईसाठी केरळ सरकारला ९,५३१ कोटी रुपयांचा दावा घेऊन उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

जहाजमालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा आणि खलाशी तिसऱ्याच देशांतले, ही ‘सोयीच्या झेंड्या’ची पद्धत आज जागतिक सागरी व्यापाराचा कणा होऊन बसली आहे. सोय कोणाची, हे सांगावयास नको. वेतन थकले, अन्न संपले, मालक फरारी झाला, तर खलाशाने दाद मागावी कोठे? आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ या एका वर्षात तीन हजारांहून अधिक खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. किनारी वाहतुकीचा राखीव हक्क जगभर टिकावा म्हणून हाच महासंघ झटतो आणि मुंबईतील खलाशांच्या व अधिकाऱ्यांच्या संघटना त्याला संलग्न आहेत, यात आश्चर्य नाही. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ९१ देशांत या ना त्या स्वरूपात असा कायदा असल्याचे आढळले होते. खुल्या बाजाराचे पाठ जगाला देणाऱ्या अमेरिकेतही १९२० चा जोन्स कायदा अद्याप उभा आहे आणि तेथील खलाशांच्या संघटना त्याचे डोळ्यांत तेल घालून रक्षण करीत आहेत.

कवच सैल झाले की काय होते, ते ऑस्ट्रेलियाने पाहिले. ‘पोर्टलँड’ नावाचे जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियातून व्हिक्टोरिया प्रांतातील पोर्टलँड बंदरात अॅल्युमिना नेत असे. २०१५ मध्ये परकी खलाशांचे जहाज वापरण्याचा तात्पुरता परवाना कंपनीला मिळाला आणि खलाशांना हुकूम झाला की हे जहाज सिंगापूरला नेऊन सोडा. त्यांनी नकार दिला आणि दोन महिने ते जहाजावर ठाण मांडून बसले. १३ जानेवारी २०१६ च्या अपरात्री सुरक्षारक्षक जहाजावर चढले आणि त्यांनी खलाशांना खाली उतरविले. कायदा रद्द झालेला नव्हता. फक्त एक परवाना निघाला होता. आपल्या नव्या कायद्यातील परवान्याच्या कलमाकडे पाहताना हा धडा विसरून चालणार नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोहोंना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या नावाने घेतला जातो: परदेशी जहाज स्वस्त पडते, मग मूठभर खलाशांसाठी कोट्यवधी शेतकऱ्यांनी भुर्दंड का सोसावा? पारनेरच्या कांदा उत्पादकाने याचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून द्यावे. त्याचा कांदा परदेशी जातो त्या मार्गावर कोणताही राखीव हक्क नाही; तेथे स्पर्धा पूर्णतः खुली आहे. तरीही २०२१ मध्ये कंटेनर मिळेनासे झाले आणि भाडी कित्येक पटींनी चढली. त्या वेळी खुल्या स्पर्धेने शेतकऱ्याला वाचविले काय? आपल्या विदेश व्यापारात भारतीय जहाजांचा वाटा १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ४० टक्के होता, तो आता दहा टक्क्यांच्याही खाली आला आहे. परदेशी जहाज कंपन्यांना देश दर वर्षी सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडे देतो, हे पंतप्रधानांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे सांगितले. स्वतःची जहाजे नसलेल्या देशाला भाडे ठरविता येत नाही, ते मुकाट्याने भरावे लागते. विदेश व्यापारात जे झाले तेच किनाऱ्यावर होऊ द्यावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आणि अधिक प्रामाणिक आहे. आपले सुमारे तीन लाख खलाशी व अधिकारी जगाच्या जहाजांवर पोट भरतात. त्यांच्यासाठी आपण दारे उघडी मागावीत आणि आपले दार मात्र लावून घ्यावे, हे कसे? या प्रश्नाला इतिहासाची बोचरी किनार आहे. कोकणातील खलाशी ‘लस्कर’ म्हणून ब्रिटिश जहाजांच्या भट्ट्यांपुढे भाजून निघाला तो गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर. १९२५ मध्ये ब्रिटनने ‘रंगीत परकी खलाशां’ना रोखणारा हुकूम काढला, तेव्हा गोऱ्या खलाशांच्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला आणि साम्राज्याचे प्रजाजन असलेले भारतीयही त्यात भरडले गेले. वेतनाचा लढा सोडून वर्णाची भिंत उभारली की कामगार चळवळ मालकाच्याच पदरी पडते. गोरा आणि काळा यांचे वेतन समान करा, ही मागणी त्या संघटनेने लावून धरली असती, तर स्वस्त लस्कराचा मोह मालकाला उरलाच नसता. १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रारंभी भारतीय खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत संप करून वेतनवाढ मिळविली, ती स्वतःच्या बळावर.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट असावी. हा कायदा फिलिपिनो वा बांगलादेशी बांधवाविरुद्ध नाही. जेथे काम, तेथील कायदा आणि तेथील वेतन, एवढेच त्याचे सार आहे. माथाडी कामगाराला हे लगेच उमगेल. १९६९ च्या माथाडी कायद्याने व्यापाऱ्याला माल कोठूनही आणण्याची मोकळीक ठेवली. पण बाजारात ओझे उचलणारा हात नोंदणीकृत असेल, त्याची मजुरी मंडळ ठरवील आणि ती मंडळातूनच मिळेल, असा दंडक घातला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली ती याच न्यायासाठी. बाजाराच्या आवारात जे न्याय्य ठरले, ते बंदराच्या आवारात अन्याय्य कसे ठरेल?

केवळ झेंड्याच्या रक्षणाने मात्र काम भागणार नाही, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. राखीव हक्काच्या सावलीत नवी जहाजे न बांधता जुन्यांवर नफा काढीत राहण्याची खोड मालकवर्गाला लागू शकते. अमेरिकेच्या कायद्याखाली महाग वाहतुकीचा भार प्वेर्तो रिकोसारख्या बेटाला सोसावा लागतो आणि २०१७ च्या चक्रीवादळानंतर तेथे दहा दिवसांसाठी तो कायदा स्थगित करावा लागला होता, ही गोष्ट दृष्टिआड करण्यासारखी नाही. अंदमान-लक्षद्वीपच्या रहिवाशांवर तशी पाळी येऊ नये. त्यासाठी सरकारने स्वतः जहाजे घातली पाहिजेत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नौवहन निगमाकडे ते काम होते. पण निगम वाढविण्याऐवजी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने तो विकावयास काढण्याचा निर्णय घेतला. एका हाताने राष्ट्रीय जहाज कंपनी विक्रीस मांडावयाची आणि दुसऱ्या हाताने देशी जहाजे अपुरी पडतात म्हणून परक्यांना परवाने द्यावयाचे, या धोरणाला काय म्हणावे?

आमच्या मागण्या तीन आहेत. परदेशी जहाजाला किनारी परवाना द्यावयाचा तर ठरावीक दिवसांनंतर त्यावर भारतीय खलाशी घेणे आणि सर्वांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, भारतीय करारातील वेतन देणे हे नियमात बंधनकारक असावे. प्रत्येक परवान्याची कारणे, मुदत आणि अटी जाहीर व्हाव्यात आणि निर्णयापूर्वी खलाशांच्या संघटनांचे म्हणणे ऐकले जावे. नौवहन निगमाच्या विक्रीचा निर्णय रद्द करून त्याला किनारी मार्गांसाठी जहाजे बांधावयास भांडवल द्यावे.

पारनेर हे सेनापती बापटांचे जन्मगाव. मुळशीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांसाठी ते १९२१ पासून झुंजले. मुंबईच्या उद्योगाला वीज हवी, त्यात देशाचे हित आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. देशाच्या हिताची किंमत मावळच्या शेतकऱ्याने एकट्याने का मोजावी, एवढाच मुळशीचा प्रश्न होता. धरण झाले, पण तो प्रश्न मिटला नाही. आज स्वस्त वाहतुकीची किंमत खलाशाने एकट्याने मोजावी, असे सांगितले जात आहे. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी कांदा उत्पादकांच्या सभेत आणि मुंबईतील गावकऱ्यांच्या मंडळांत हा विषय मांडावा, या मागण्यांचे ठराव करून ते लोकप्रतिनिधींकडे धाडावेत. शेतकऱ्याला खलाशाविरुद्ध उभे करण्याचा डाव उधळून लावावयाचा असेल, तर त्याची सुरुवात समुद्रापासून दूर असलेल्या अशा गावांतूनच व्हावयास हवी.