डोंगर चढायचा, तर पायात काय घालावे?

नवरात्र जवळ आले की कळसूबाईला जाण्याचे बेत सुरू होतात. शिखराची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. बारी गावातून निघालेला माणूस त्याच दिवशी खाली येतो खरा. पण वाट अंगावर येणारी, कड्याच्या जागी लोखंडी शिड्या आणि पाऊस नुकताच सरल्याने खडक निसरडे. इकडे सोयाबीनची काढणी तोंडावर. अशा वेळी कर्त्या माणसाचा घोटा मुरगळला तर घरचे सारे गणित कोलमडते.

म्हणून चपला घरीच ठेवा. कातडी तळ ओल्या खडकावर सटकतो. रबरी स्लिपरचा पट्टा शिडीवरच तुटला तर काय करणार? गमबूट चिखलात उत्तम, पण चढावर टाच आत वरखाली होते आणि फोड येतात.

बूट महागच हवेत असे मुळीच नाही. लेस बांधायचे, खोल खाचांच्या रबरी तळाचे साधे कॅनव्हासचे बूटही चालतात. हाताने वाकवून पाहा. तळ चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. घरातल्या जुन्या बुटांच्या खाचा झिजल्या असतील तर ते नकोत.

खरी परीक्षा उतरताना असते. पाऊल पुढे सरकून बोटे बुटाच्या टोकावर आदळतात, नखे काळी पडतात. तेव्हा अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र घट्ट. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करा, जाड मोजे घालूनच, आणि दुकानाची पायरी दोनदा उतरून पाहा.

सासूबाई बाजाराला येत नसतील तर त्यांना कागदावर उभे करून दोन्ही पावलांची रेघ काढून न्या. लुगड्यावर बूट कसे दिसतील, ही लाज भगिनींनी सोडावी. डोंगरावर कोणी पायाकडे पाहत नाही, जो तो आपापली वाट पाहतो!

अनवाणी जाण्याचा नवस असतो. परंतु मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही, जखम चिघळते. अशांनी बूट देवळाच्या दाराशी काढावेत, त्याआधी नाही.

नवे बूट आठवडाभर आधी शेतात जाता-येता वापरा. जाण्यापूर्वी नखे कापा, आणि शिखरावरून निघताना लेस सोडून पुन्हा आवळून बांधा.