पुसता येणारे वर्तमानपत्र

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात दोन-तीन ओळी असतात. अंक कोणी छापला, कोणत्या छापखान्यात छापला, प्रकाशक कोण, संपादक कोण आणि कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणाची. कचेरीत या मजकुराला प्रिंटलाइन म्हणतात. वाचकाचे या ओळीकडे सहसा लक्ष जात नाही. पण एखाद्या बातमीने कोणाची अब्रू गेली, तर त्याचा वकील सगळ्यात आधी तीच ओळ शोधतो. ही ओळ सक्तीची करणारा कायदा इंग्रज सरकारने १८६७ साली केला तो देशी छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही दीडशे वर्षे त्या ओळीमुळे छापलेला प्रत्येक शब्द कोणा तरी हाडामांसाच्या माणसाच्या नावावर चढत होता, आणि एकदा छापलेला शब्द परत घेता येत नव्हता.

आता याच वर्तमानपत्रांची ॲप उघडा. एकाच बातमीचे शीर्षक सकाळी एक असते, दुपारी दुसरे, संध्याकाळी तिसरे. आतला आकडा बदललेला असतो, एखाद्या नेत्याचे नाव गायब झालेले असते, आरोप करणाऱ्याचे वाक्य निम्मे उरलेले असते. वर फक्त ‘अपडेटेड’ असे लिहून पुढे वेळ टाकलेली. काय बदलले, का बदलले, कोणाचा फोन आला म्हणून बदलले, याचे एक अक्षर नाही. कधी बातमीच सापडत नाही. दुवा दाबला की मुखपृष्ठ समोर येते आणि काल वाचलेले आपण खरेच वाचले होते का, अशी शंका यावी अशी सगळी व्यवस्था असते.

मराठी वर्तमानपत्रे मोबाइलवर गेली याचे मला दुःख नाही. जायलाच हवे होते. दुर्गम पाड्यावर जिथे अंक दुपारपर्यंत पोचत नसे, तिथे बातमी आता क्षणात पोचते, हे मोठेच काम झाले. माझा संताप आहे तो कागदाबरोबर जबाबदारीही रद्दीत घालणाऱ्या मालकांवर आणि संपादकांवर. ‘तंत्रज्ञानच तसे आहे’ हा त्यांचा बचाव साफ खोटा आहे. बातमी ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरली जाते, त्यात बहुतेक ठिकाणी प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते: कोणत्या उपसंपादकाने, किती वाजता, कोणता शब्द काढला आणि कोणता घातला. छापखान्याच्या काळात कोणाला स्वप्नातही दिसली नसती इतकी चोख नोंद आज कचेरीत पडून आहे. ती वाचकाला दाखवायची नाही, हा निर्णय माणसांनी घेतलेला आहे.

छापील पत्रही एका रात्रीत बदलत असे, हे मला ठाऊक आहे. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटायची, शहर आवृत्ती मध्यरात्र उलटल्यावर. अपघातातल्या मृतांचा आकडा एकीत बारा, दुसरीत सतरा, असे व्हायचे. पण दोन्ही अंक फायलीला लागायचे. दोन्हींवर तारीख असायची, आवृत्तीचे नाव असायचे, आणि वीस वर्षांनी कोणी विचारले तर दोन्ही काढून टेबलावर ठेवता यायचे.

नोव्हेंबर २०२२ आठवा. अभिनेते विक्रम गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अत्यवस्थ होते. २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाच्या बातम्या फोनाफोनांवर वाजू लागल्या, श्रद्धांजल्या वाहिल्या जाऊ लागल्या, आणि ते जिवंत आहेत हे अखेर घरच्यांना जगाला सांगावे लागले. आपला माणूस आत मृत्यूशी झुंजत असताना बाहेर उभे राहून हे सांगावे लागले. २६ तारखेला ते गेले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, धर्मेंद्र यांच्या बाबतीत तेच घडले. त्यांची मुलगी ईशा देओल यांनी बातमी खोटी असल्याचे जाहीर केले, आणि ते २४ तारखेला गेले. म्हणजे तीन वर्षांत कोणी काही शिकले नाही. ज्यांनी ज्यांनी त्या त्या वेळी ती सूचना पाठवली, त्यांना माझा एकच प्रश्न आहे. जितक्या फोनांवर मृत्यू पाठवलात, तितक्याच फोनांवर ‘आम्ही खोटे सांगितले’ हेही पाठवलेत का?

छापील पत्रांत खुलासा, दुरुस्ती, दिलगिरी आतल्या पानावर कोपऱ्यात दडपली जायची, हे खरे आहे आणि ते लाजिरवाणेच होते. पण ती छापली जायची. ॲपने तो कोपराही काढून टाकला.

हे का होते, ते कचेरीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बातमी खरी आहे का, यापेक्षा ती दुसऱ्याआधी गेली का, याला पैसे आहेत. जो पहिला, त्याला गूगल आपल्या डिस्कव्हरमध्ये वर उचलतो. वर उचलले की वाचक येतात, वाचक आले की जाहिराती दिसतात. डिजिटल विभागात बसलेली विशी-पंचविशीतली मुले दिवसाचा कोटा पुरा करत असतात. भिंतीवरच्या पडद्यावर कोणती बातमी किती जण वाचताहेत याचे आकडे पळत असतात, आणि रुग्णालयात फोन करून खात्री करायला त्यांना कोणी पाच मिनिटेही देत नाही. या मुलांना मी दोष देत नाही. पहिल्या पानावर कोणती बातमी जावी हे ठरवणे संपादकाचे काम होते. त्याने ते एका परदेशी कंपनीच्या यंत्राकडे सोपवले, पगार मात्र स्वतःकडे ठेवला.

याचा सगळ्यात हीन नमुना आपण रोज पाहतो. ‘या’ जिल्ह्यांना रेड अलर्ट. ‘या’ तालुक्यातील शाळांना उद्या सुट्टी. ‘या’ गावात बिबट्याचा हल्ला. अवतरणचिन्हातला हा ‘या’ मराठी पत्रकारितेच्या कपाळावरचा डाग आहे. जुलैतला मुसळधार पाऊस, रायगड किंवा रत्नागिरीतली एखादी आई सकाळी सहाला फोन हातात घेते, तिला एवढेच हवे असते की आपला जिल्हा त्यात आहे की नाही. ते नाव शीर्षकात सहज मावले असते. ते मुद्दाम लपवले जाते, कारण तिने दाबले पाहिजे, आत आले पाहिजे, दोन जाहिराती बंद करून चौथ्या परिच्छेदापर्यंत उतरले पाहिजे. पुराचा इशारा देताना गावाचे नाव दडवणारा माणूस बातमीदार नव्हे. तो संकटाच्या वेळी माहिती अडवून धरणारा साठेबाज आहे.

मराठी पत्रकारांच्या सभांमध्ये दर वर्षी ६ जानेवारीला ‘दर्पण’ आणि बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण होते, टिळक-आगरकरांच्या तसबिरींना हार घातले जातात. मग टिळक-आगरकरांचे १८८२ सालचे प्रकरणही आठवावे. ‘केसरी’ सुरू होऊन पुरती दोन वर्षे झाली नव्हती. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर छापला गेला. ज्या पत्रांच्या भरवशावर तो छापला होता, ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. चूक झाली होती, ती छापली गेली होती, छापलेल्यावर नाव होते. त्या तुरुंगवासावर आगरकरांनी पुस्तक लिहिले, ‘केसरी’चे ते अंकही उरले, आणि म्हणून आज आपण त्या चुकीची उलटतपासणी करू शकतो. आजच्या ॲपने काल केलेल्या चुकीची उलटतपासणी कोण आणि कशाच्या आधारे करणार?

१८६७ चा कायदा आता नाही. त्याच्या जागी आलेला नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण तोही छापील नियतकालिकांपुरताच आहे. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे नियम आहेत. त्यांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला आणि सरकारपर्यंत पोचणाऱ्या तीन पायऱ्यांच्या तक्रार-यंत्रणेला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, आणि योग्यच केले. बातमी तपासायला मंत्रालयातला अधिकारी मला नको आहे. आज ज्यांना ॲपमधून बातमी गुपचूप काढता येते, त्यांना उद्या सत्तेतल्या कोणाच्या तरी सांगण्यावरूनही ती तितक्याच गुपचूप काढता येईल. कागदावरची बातमी नाहीशी करायची तर गावोगावचे अंक जप्त करावे लागत आणि जप्तीचा बोभाटा होई.

छापील अंक जपून ठेवण्यासाठी ग्रंथालयांचा १९५४ चा कायदा आहे, वर्तमानपत्रे त्यात १९५६ मध्ये आली. प्रत्येक अंकाची प्रत कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई इथल्या ठरलेल्या चार ग्रंथालयांत पाठवायची. अशा ठेवलेल्या फायली धुळीत बसून चाळणारी माणसे होती म्हणून महाराष्ट्राचा इतिहास लिहिला गेला. य. दि. फडक्यांनी विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावर खंडामागून खंड लिहिले, ते काय वर्तमानपत्रे बाजूला ठेवून? एकविसाव्या शतकावर लिहू पाहणाऱ्याला काय मिळेल? आरंभीच्या काळात मराठी दैनिके इंटरनेटवर गेली तेव्हा प्रत्येकाचा फाँट निराळा होता, तो आधी उतरवून घ्यावा लागे. युनिकोड आल्यावर त्या जुन्या मजकुराचे रूपांतर करायला हवे होते. कित्येकांनी ते केले नाही, आणि तो मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखताच येत नाही. पुढे दर काही वर्षांनी संकेतस्थळे नव्याने रंगवली गेली आणि प्रत्येक रंगवणुकीत हजारो दुवे मेले. माझे स्वतःचे लेख एका दैनिकाच्या संकेतस्थळावरून असेच गेले. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की जुना डेटा नव्या सिस्टिमवर घेतला नाही. बोलणाऱ्याच्या आवाजात खंतही नव्हती.

वाचकाला या सगळ्याची पर्वा नाही, असे मालक सांगतात. टाळेबंदीत काय झाले ते त्यांनी आठवावे. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यावर बंदी आणली. हातातल्या फोनवर ताज्या बातम्या अखंड वाहत होत्या, तरी लोक व्हॉट्सॲपवर पानांच्या पीडीएफ मागत होते, एकमेकांना धाडत होते, इतक्या की हे बेकायदा असल्याची तंबी प्रकाशकांच्या संघटनेला द्यावी लागली. त्या वाहत्या गर्दीतून बाहेर काढलेला, तारीख घातलेला, कोणी तरी निवड करून संपवलेला अंक वाचकाला हवा होता. ज्यांना वाचकाची किंमत कळायला हवी होती, त्यांनी त्यातून कॉपीराइटची काळजी तेवढी उचलली.

न पुसता येणाऱ्या शब्दाची किंमत मालकांना पक्की ठाऊक आहे. जाहीर नोटिशी ते याच किमतीवर विकतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागातल्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातले एक प्रादेशिक भाषेतले. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करून वकील जमिनीच्या मालकीवर हरकती मागवतात. त्या दिवसाचा अंक लोक वर्षानुवर्षे कागदपत्रांत जपून ठेवतात, कारण त्याची तारीख आणि मजकूर कोणी बदलू शकत नाही. चौरस सेंटिमीटरच्या दराने हा टिकाऊपणा विकायचा, आणि त्याच कंपनीच्या ॲपवर त्याच जमिनीच्या घोटाळ्याची बातमी मात्र हवी तशी खोडायची, ही बेइमानी आहे. तिला दुसरे नाव मला सापडत नाही.

करायचे काय, ते अवघड नाही. ‘गार्डियन’ने १९९७ मध्ये आणि ‘द हिंदू’ने २००६ मध्ये वाचकांच्या तक्रारी ऐकून चुका उघडपणे नोंदवणारा स्वतंत्र वाचक-संपादक नेमला. मराठी दैनिकांनी तो नेमावा. प्रत्येक बातमीखाली बदलांची नोंद उघडी ठेवावी. खोटी निघालेली सूचना ज्यांना गेली, त्यांनाच दुरुस्तीची सूचना पाठवावी. प्रत्येक पडद्यावर जबाबदार संपादकाचे नाव असावे, आणि रोजच्या डिजिटल मजकुराची एक गोठवलेली प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जमा करावी. मजकुराला लागणारी जागा नगण्य असते. खर्च ओढतात ते व्हिडिओ, आणि त्यांच्यावर पैसे ओतताना कोणी हात आखडत नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. अटकेची बातमी येते, माणूस पुढे निर्दोष सुटतो, आणि नोकरी देणारा असो की मुलगी देणारा, त्याचे नाव शोधले की पहिल्यांदा ती अटकच दिसते. अशा माणसाने बातमी काढा म्हटले तर त्याला काय सांगायचे? माझे उत्तर असे की ती बातमी गुपचूप पुसल्याने त्याला न्याय मिळत नाही. पुसलेली बातमी आणि तिच्यातला आरोप, दोन्ही शंकेच्या धुक्यात राहतात. ज्या पत्राने अटक छापली, त्याने निकालाची तारीख आणि निर्दोष सुटल्याचा मजकूर त्याच दुव्यावर, त्याच बातमीच्या माथ्यावर, शीर्षकाच्याच आकारात लावावा, आणि शोधणाऱ्याला आधी तोच दिसेल अशी रचना करावी. हे काम त्या माणसाने अर्ज करण्याची वाट न पाहता पत्राने स्वतः करायचे आहे, कारण त्याच्या अटकेची सूचना फोनाफोनांवर पाठवताना कोणी त्याच्या अर्जाची वाट पाहिली नव्हती.