मेल्यावर जयजयकार, मरताना अबोला

माझा बाप मेला तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांशी खोटं बोलत होतो.

त्याला तोंडाचा कॅन्सर होता. तीस वर्षं धक्क्यावर पोती वाहिली, तीस वर्षं गालात तंबाखू. उपाशीपोटी ट्रक खाली करायचा तर हमालाला तंबाखूशिवाय सोबत कोण? शेवटी शेवटी जीभ चालेना, तर बहिणीच्या पोरीची पाटी मागून घेतली. दवाखान्यात त्या पाटीवर लिहायचा. पाणी. कूस बदल. बिल किती झालं. एका रात्री लिहिलं, 'किती दिवस?'

मी मॅट्रिक झालेला माणूस. कविता लिहिणारा. शब्दांशी आपलं सोयरपण आहे म्हणून छाती काढून फिरणारा. मी म्हणलं, 'सोमवारी सुट्टी देणारेत.'

त्यानं माझ्याकडं बघितलं. बाहीनं पाटी पुसली. परत त्यावर काही लिहिलं नाही. सोमवार यायच्या आत गेला.

जलदान विधीच्या दिवशी धक्क्यावरचे नाना मला बाजूला घेऊन म्हणले, 'तुझ्या बापाला समदं ठावं होतं. महिन्याखाली त्यानं डॉक्टरला एकट्यानं गाठून इचारलं होतं. मला म्हणला, पोराला सांगू नको, कामावर जायचं सोडून माझ्यापाशी बसून राहील.'

म्हणजे तो मला सांभाळत होता आणि मी त्याला. मध्ये एक कोरी पाटी.

हे घरगुती रडगाणं चळवळीच्या अंकात कशाला, असं तुमच्यातले काहीजण म्हणतील. त्यांच्यासाठीच लिहितोय. कारण माझा बाप एकटा नाही. मुकुंदवाडीत स्टेशनपासून वरच्या वस्तीपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, पेशंटच्या उशाशी हेच नाटक चाललेलं असतं. पेशंटला माहीत, घरच्यांना माहीत, शेजाऱ्याला माहीत. फक्त बोलायचं नाही. बोललं तर मरण ऐकंल आणि धावत येईल!

आपल्या लोकांना मरणाचं बोलता येत नाही असं म्हणावं तर तेही खोटं. आपल्याइतकं मरणावर बोलणारं, लिहिणारं, ओरडणारं कोण आहे? भागवत जाधव १९७४ साली मुंबईत मोर्चात दगड लागून गेला, त्याचं नाव आपल्याला पाठ. १९७८ च्या जुलैत विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि ऑगस्टात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेला मारलं. मराठवाडा पेटला. गावंच्या गावं सोडून आपली माणसं शहरात आली, आपल्या वस्त्या त्यांतल्याच कैकांनी भरल्या. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेही नामविस्तार म्हणून. सोळा वर्षं लागली. (शहराचं नाव २०२३ साली बदललं. त्याला किती रक्त लागलं हे ज्याचं त्यानं आठवावं.)

दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटावर जातो. मीही जातो, कपाळाला निळं लावून, घसा बसेपर्यंत ओरडतो. अमर रहे! ओरडलंच पाहिजे, ते विसरायला लावणारे पुष्कळ टपलेत. पण मागच्या वर्षी गेटावरनं परत येताना एक प्रश्न डोक्यात घुसला तो निघंना. या शहीदांच्या घरात पहिल्या रात्री कोण कुणाशी काय बोललं? ताटं किती मांडली? पोरांनी विचारलं असंल, त्यांना काय सांगितलं? पन्नास भाषणं ऐकली मी, एकात हे नाही. मेलेला माणूस आपण पोस्टरवर घेतला आणि त्याचं घर रस्त्यावर तसंच सोडलं.

आणि याहून भयंकर एक आहे. आपण मरणाला इतके हार घालतो की एखाद्या वीस वर्षाच्या पोराला वाटावं, जिवंतपणी मला कोण विचारतं, मेलो तर निदान फोटो लागंल. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. पायल तडवी २०१९ च्या मे महिन्यात गेली. दोघांनाही मारलं ते जातीनं, त्यात वाद नाही. पण गेल्यावर मेणबत्त्या घेऊन निघालेले आपण सगळे, आधीच्या महिन्यात आपल्याच होस्टेलातल्या, आपल्याच गल्लीतल्या असल्या पोरापाशी जाऊन 'तुला मरावंसं वाटतंय का रे?' असं तोंडावर विचारायची हिंमत आपल्यात आहे का? विचारलं म्हणून कुणी मरत नाही. न विचारल्यानं मात्र एकटा पडतो. गौतम वाघमारेला माझा क्रांतिकारी जयभीम. पण पुढचा गौतम मला जिवंत पाहिजे. माझ्याशी भांडत, माझ्या बिड्या ओढत, जिवंत.

आता आपल्यातल्या शिकलेल्यांचं बघा. छप्पन साली आपण धर्म बदलला. बाविसातल्या सहाव्या प्रतिज्ञेनं श्राद्ध गेलं, पिंड गेला, कावळ्याची वाट बघणं गेलं. झकास झालं. मेलेल्याच्या नावावर भटाचं पोट भरायचं बंद झालं. पण त्या जागी आपण काय आणून बसवलं? माईक! माझ्या बापाच्या जलदान विधीला भन्तेजींनी पाणी सोडलं, सुत्तपठण झालं, तिथवर ठीक. मग पुढारी उठले. कालकथित अमुक अमुक हे चळवळीचे निष्ठावान पाईक होते... एकानं तर बापाचं नाव चुकवलं आणि वॉर्डाच्या निवडणुकीवर गेला. माय मागं बायकांत बसलेली. तिचा हुंदका फुटला तर एक सुशिक्षित भाऊ म्हणले, 'ताई, शांत व्हा, बुद्धानं सांगितलंय, सगळं अनित्य आहे.'

अनित्य हा शब्द आपण तोंडात कोंबायचा बोळा करून ठेवलाय. आमच्या आज्या-पणज्या मयताच्या अंगावर पडून हेल काढून रडायच्या. त्या रडण्यात मेलेल्याचा सगळा हिशोब यायचा. त्यानं काय खाल्लं, काय ल्यायलं, कुणी छळलं, कुणाचे पैसे बुडवले, कुठल्या पाटलानं हाणलं. ते रडणं नव्हतं, जबानी होती. ती आपण अडाणीपणा म्हणून बंद केली. तिच्या जागी आलं साडेतीन मिनिटांचं श्रद्धांजलीपर मनोगत.

बुद्धानं रडू नका म्हणून कुणाला हाकललं? कुसिनाऱ्याला तथागत शेवटच्या अंथरुणावर पडले होते. आनंद आत जाऊन दाराला टेकून रडत होता. पंचवीस वर्षं सेवा केलेला आनंद. बुद्धानं विचारलं, आनंद कुठाय? त्याला बोलावून घेतलं. आपण मरणार आहोत हे त्याच्याशी सरळ बोलला, आणि त्यानं केलेल्या सेवेचं सगळ्यांदेखत कौतुक केलं. मरणाऱ्यानं रडणाऱ्याला बोलावून घेतलं! अन् मी सोमवारी सुट्टी म्हणून सांगितलं.

किसा गोतमीची मोहरी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी बाई. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातनं मोहरी आण, म्हणून बुद्धानं तिला पाठवलं. आपण नेहमी शेवट सांगतो, की तिला कळलं, मरण सगळ्यांना आहे. पण कळलं कसं? ती दारोदार गेली. प्रत्येक उंबऱ्यावर तिनं विचारलं, तुमच्यात कोण गेलं? आणि प्रत्येक उंबऱ्यानं सांगितलं. बाप गेला. सून गेली. थोरलं पोरगं गेलं. बुद्धानं तिला प्रवचन दिलं नाही, अख्ख्या गावाशी बोलायला लावलं. मोहरी नुसतं निमित्त.

बाबासाहेबांचं तर सगळ्यांत उघडं. चार लेकरं गेली त्यांची. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. ऑगस्टात त्यांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं, त्यात आपण मोडून पडलोय हे कबूल केलंय. काही झाकलं नाही. दोस्ताला लिहावं तसं लिहिलं. आणि त्यानंतर सात महिन्यांत, १९२७ च्या मार्चात, तोच माणूस महाडच्या चवदार तळ्यावर उभा होता. मग दुःख बोलल्यानं कार्यकर्ता ढिला पडतो, ही अक्कल कुणी शिकवली आपल्याला? १९३५ साली रमाई गेल्या. पाकिस्तानवरचं पुस्तक बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. राजकारणाच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर स्वतःच्या मेलेल्या बायकोची आठवण ठेवायला लाजले नाहीत ते. आपण रमाईचा फोटो लावतो. पण घरातल्या बाईला विचारत नाही, की तुझं जे लेकरू दवाखान्यातनं परत आलं नाही, त्याची तुला अजून सय येते का?

'आपली माणसं मरत नाहीत, मारली जातात. बोलायचं तर व्यवस्थेवर बोला, दुःख कुरवाळू नका.' हे मला एका ज्येष्ठानं ऐकवलं. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी धक्क्यावरची एक गोष्ट सांगतो. भरलेल्या ट्रकवरनं एक पोरगा पडला. मान मोडली. जागेवर गेला. ठेकेदाराचा माणूस मयत हलायच्या आत त्याच्या घरी पोचला, पन्नास हजार रुपये आणि एक कागद घेऊन. म्हातारीचा अंगठा घेतला. कामावर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना भरपाई मिळायचा कायदा या देशात १९२३ पासून आहे. आम्ही वीस हमाल अंगणात उभे, एकही तोंड उघडंना. दुःखाच्या घरी पैशाचं काय बोलावं! म्हातारी काही विचारत होती, तर आम्हीच तिला 'आता शांत व्हा मावशी' म्हणत होतो. तिनं बोलायला पाहिजे होतं. पोरगा कितीला कामावर गेला, गाडी कुणाची, दोरी कुणी सोडली, हे ती रडत रडत बोलली असती तर तोच पंचनामा झाला असता. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं, २०२३ साली तीस लाख केले. ते आकाशातनं पडलं नाही. घरोघर जाऊन विधवांना कुणीतरी विचारलं, त्या बोलल्या, नावांची यादी झाली, तेव्हा कोर्ट हललं. आपला अबोला ठेकेदाराला फार स्वस्तात पडतो.

आमच्या मुकुंदवाडीतनं जी रेल्वेलाईन जालन्याला जाते, तिच्यावरच करमाड आहे. ८ मे २०२० ची पहाट. लॉकडाऊन. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यातनं मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडं पायी निघालेले मजूर, थकून रुळावर निजले. मालगाडी आली. सोळा गेले. रुळावर पडलेल्या भाकरीचा फोटो अख्ख्या देशानं बघितला, आपल्यातल्या कवींनी कविता केल्या. मीही केली. टाळ्या पडल्या. पण जे थोडे अंतरावर होते म्हणून वाचले, त्यांच्यापाशी कोण बसलं, त्यांचं पुढं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. भाकरी कवितेत नेली अन् माणसं रुळावरच ठेवली. त्या कवितेची मला आता लाज वाटते.

मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांत मरणावर बोलायची नवी रीत आली आहे. अरुणा शानबाग केईएममध्ये १९७३ पासून २०१५ पर्यंत निपचित पडून होती, त्यातनं कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, माणसाला आधीच लिहून ठेवता येईल, की मला नळ्या लावून जगवत ठेवू नका. चांगलं आहे. पण आमच्या वस्तीत व्हेंटिलेटर काढायचा प्रश्न नाही, मिळायचा आहे. तरी त्यातली एक गोष्ट आपण बिनपैशाची उचलू शकतो. मरणाऱ्याला विचारायचं, तुला काय पाहिजे? कुठं पडून राहायचंय, घरी का दवाखान्यात? दुखतंय किती? कुणाला बोलावू? दुखणं कमी करायचं औषध असतं, मॉर्फिन असतं, ते मागायला लागतं, आणि मागायला आधी कबूल करायला लागतं की हा माणूस आता बरा होणार नाही.

आपल्या शहरात बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, त्याला मिलिंद नाव दिलं. भोवतीच्या माळाचं झालं नागसेनवन. मिलिंद कोण? प्रश्न विचारणारा राजा. अर्हताला मरणाचं भय वाटतं का, हेसुद्धा त्यानं नागसेनाला विचारलंय, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारलंय. आपण त्या गेटातनं जा-ये करतो, आणि स्वतःच्या बापाला विचारू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दर रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास माईक बंद ठेवायचा. खुर्च्या नकोत, पुढारी नको. ज्याच्या घरात कुणी गेलंय त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बायकांनी आधी. बापाच्या जलदान विधीच्या रात्री सगळे पांगल्यावर शेजारची आक्का येऊन मायेपाशी बसली आणि नुसतं म्हणली, 'सांग.' माय पहाटे तीनपर्यंत बोलत होती. लग्नात बापाच्या पायात चप्पल नव्हती, हे मला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या रात्री कळलं. आणि आपल्या शाखेच्या पोरांनी आठवड्यातनं एकदा वॉर्डात जाऊन बसायचं. सेल्फी काढायला नाही.

नाना आता अंथरुणाला आहेत. फुफ्फुस. परवा त्यांच्या लेकाला, सुनेला विचारून मी त्यांच्यापाशी बसलो. ते म्हणले, 'खरं सांग, डॉक्टर काय म्हणला?' मी सांगितलं. हात धरून, पण सगळं सांगितलं. ते बराच वेळ पत्र्याकडं बघत राहिले. मग म्हणले, 'तुझ्या बापाकडं माझे अडीचशे रुपये ऱ्हायलेत.'

मी खिशात हात घातला. तर म्हणले, 'ठिव. माझा हूक तेवढा धक्क्यावरनं घेऊन ये. दुसऱ्या कुणी नेला असंल तर भांडून आण.'